सीआय बुलेटचं मॉडिफाइड इंजिन आणि इग्निशन टायमिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेट ३५० साठी आहे, म्हणजे पॉइंट (स्पार्कसाठी करंट तोडणारे संपर्क), कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा), डीकॉम्प्रेसर (किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरचा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) आणि हँडलपुढच्या केसिंगवर ॲमीटर असलेल्या सीआय बुलेटसाठी. हेड घासलेलं, हाय कॉम्प्रेशन पिस्टन टाकलेलं, कॅम बदललेलं किंवा पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं इंजिन इथे गृहीत धरलं आहे. यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या नव्या) इंजिनच्या मालकांना यातलं फारसं काही उपयोगाचं नाही, कारण त्यांच्या इंजिनात स्पार्क कधी पडायचा हे इलेक्ट्रॉनिक डबी ठरवते आणि डिस्ट्रिब्युटर (पॉइंट आणि त्यांचा कॅम ज्यात असतो ती डबी) फिरवायचा प्रश्नच येत नाही.

कंपनीने टायमिंग ०.८ मिमी दिलं आहे. तेच ठेवलं तर काय बिघडतं?

स्टॉक इंजिन असेल तर काहीच बिघडत नाही. पण त्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ऑटो ॲडव्हान्सची (आरपीएम वाढला की स्पार्क लवकर पाडणाऱ्या युनिटची) वजनं पूर्ण मिटलेली असताना, पिस्टन टीडीसीच्या (टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा) ०.८ मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, एवढंच तो सांगतो. ही झाली किक मारतानाची आणि स्लोवरची, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन चालतं तेव्हाची, जागा. हायवेवर गाडी चालते त्या आरपीएमला स्पार्क कुठे पडतो, हे ०.८ अधिक ऑटो ॲडव्हान्सची फेक (वजनं पूर्ण उघडली की स्पार्क जितका लवकर येतो तो फरक) अशा बेरजेने ठरतं. तीस वर्षं जुन्या ॲडव्हान्स युनिटची फेक कंपनीच्या युनिटइतकीच राहिली असेल असं धरता येत नाही. त्यात इंजिन मॉडिफाय केलं की त्याला हवी असलेली बेरीजही बदललेली असते.

म्हणून मॉडिफाइड इंजिनवर काम उलट्या बाजूने करायचं. आधी फुल ॲडव्हान्स, म्हणजे वजनं पूर्ण उघडल्यावरची स्पार्कची जागा, ठरवायचा, तो डिग्रीत मोजून बसवायचा, आणि स्लोवरचं टायमिंग जिथे पडेल तिथे पडू द्यायचं. ०.८ हा आकडा फक्त पहिल्यांदा गाडी चालू करण्यापुरता वापरा.

‘टायमिंग पुढे’ म्हणजे ॲडव्हान्स की रिटार्ड?

यावरून गॅरेजात रोज घोळ होतो. कुणी ‘पुढे’ म्हणजे लवकर स्पार्क समजतो, तर कुणी डिस्ट्रिब्युटर पुढच्या चाकाकडे फिरवला असं समजतो. या पानावर ॲडव्हान्स म्हणजे स्पार्क टीडीसीच्या आणखी आधी, आणि रिटार्ड म्हणजे टीडीसीच्या जवळ. टायमिंगसाठी ‘पुढे-मागे’ हे शब्द खाली वापरलेले नाहीत.

डिस्ट्रिब्युटर कुठल्या दिशेला फिरवला की ॲडव्हान्स होतो, हेही पाठ करायची गरज नाही. पॉइंटचं झाकण काढा, गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने फिरवा आणि मधला कॅम कुठे फिरतो ते बघा. डिस्ट्रिब्युटरची बॉडी त्याच्या विरुद्ध फिरवली की ॲडव्हान्स आणि त्याच दिशेने फिरवली की रिटार्ड.

टायमिंगला हात लावण्याआधी काय तपासायचं?

आधी पॉइंटचा गॅप. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग आपोआप ॲडव्हान्स होतं. कमी केला की रिटार्ड. टायमिंग लावून झाल्यावर गॅप ‘जरा सारखा’ केला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते. पॉइंट पूर्ण उघडे असताना गॅप ०.३५ ते ०.४० मिमी हवा. पॉइंटवर खड्डा आणि टेकडी झाली असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पत्ती) टेकडीवर टेकतं आणि गॅप खोटा दाखवतं. असे पॉइंट घासत बसू नका, बदला.

मग ऑटो ॲडव्हान्स. कॅम बोटांनी फिरवायचा आणि सोडायचा. तो स्प्रिंगने झटकन जागेवर यायला हवा. सावकाश सरकत आला तर खालची शाफ्ट कोरडी किंवा गंजलेली आहे. परत आलाच नाही, किंवा शेवटचा थोडा भाग सैल हलत राहिला, तर स्प्रिंगा ताणल्या गेल्या आहेत. या युनिटबद्दल आमचं मत ठाम आहे : टायमिंगच्या नावाने येणाऱ्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ इथे असतं, आणि लोक मात्र डिस्ट्रिब्युटर फिरवत बसतात.

टॅपेट (व्हॉल्व्हची ढील) थंड इंजिनवर, कॉम्प्रेशन टीडीसीला. दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उभ्या दांड्या) बोटांनी फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. म्हणजे क्लिअरन्स शून्य. कॅम दुसरा टाकला असेल तर त्याच्यासोबत सांगितलेला क्लिअरन्स ठेवा.

डीकॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह नीट बसतो का आणि त्याच्या केबलला थोडी ढील आहे का, तेही पाहून घ्या. तो गळत असेल तर कॉम्प्रेशन मिळत नाही, आणि गाडी ओढत नाही म्हणून दोष टायमिंगवर येतो.

टीडीसी कसा शोधायचा? सायकलचा स्पोक चालतो का?

स्पोक चालतो, पण ‘स्पोक सगळ्यात वर आला तिथे टीडीसी’ ही पद्धत चालत नाही. टीडीसीच्या आजूबाजूला पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. क्रँक दोन डिग्री फिरली तरी पिस्टन फक्त ०.०३ मिमी हलतो, आणि एवढा फरक हाताला कळत नाही. त्यामुळे या रीतीने तीन-चार डिग्रीची चूक अगदी सहज होते.

खरी रीत अशी. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर काढा. ते मधल्या एकाच नटवर असतं, खाली ट्रे ठेवा, तेल सांडणारच. अल्टरनेटरच्या रोटरच्या नटवर डिग्रीची चकती घट्ट बसवा. चकती म्हणजे छापील प्रोट्रॅक्टर पुठ्ठ्यावर चिकटवला तरी पुरे, व्यास जितका मोठा तितकं वाचायला सोपं. जाड तारेचा काटा करून जवळच्या स्टडला अडकवा.

प्लग काढा. गाडी मेन स्टँडवर, चौथ्या गिअरमध्ये. कॉम्प्रेशनचा स्ट्रोक पकडा : प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवा ढकलते, आणि दोन्ही पुशरॉड मोकळे असतात. आता स्पोक आत सोडा. बाहेरच्या टोकाला कडी वाकवून ठेवा, नाहीतर तो आत पडला की संध्याकाळ गेली. प्लगचं भोक तिरकं आहे, त्यामुळे स्पोक सैल धरा. दाबून धरला तर पिस्टन आणि हेडच्या मध्ये अडकतो.

पिस्टन वर येताना, टीडीसीच्या साधारण १० मिमी आधी, स्पोकवर भोकाच्या काठाशी मार्करने रेघ मारा आणि चकतीवरचा आकडा लिहून घ्या. चाक त्याच दिशेने फिरवत टीडीसी ओलांडा. पिस्टन खाली जाताना तीच रेघ पुन्हा काठाशी आली की दुसरा आकडा लिहा. दोन आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे टीडीसी. या उंचीवर पिस्टन एका डिग्रीला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलतो, म्हणून चूक डिग्रीच्या आत राहते. भोक तिरकं असल्यानेही बिघडत नाही, कारण तिरकेपणा दोन्ही वेळा सारखाच असतो. तीनदा करा. तिन्ही वेळा मध्य तोच आला की चकती ढिली करून शून्य तिथे आणा.

मिलिमीटरचं डिग्रीत रूपांतर कसं करायचं?

बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिमी. कनेक्टिंग रॉड दोन्ही केंद्रांमध्ये १७५ मिमीच्या आसपास धरला तर हिशोब असा येतो :

५ डिग्री – ०.२ मिमी
१० डिग्री – ०.८५ मिमी
२० डिग्री – ३.४ मिमी
२८ डिग्री – ६.५ मिमी
३० डिग्री – ७.५ मिमी
३२ डिग्री – ८.५ मिमी
३४ डिग्री – ९.५ मिमी

५०० चा स्ट्रोकही ९० मिमीच आहे, त्यामुळे ८४ मिमी बोअरचा सेट टाकला तरी हे आकडे जवळपास तेच राहतात. कंपनीचे ०.८ मिमी म्हणजे साडेनऊ-पावणेदहा डिग्री. वरच्या दोन ओळी आणि खालच्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. सुरुवातीच्या पाच डिग्रीत पिस्टन जेमतेम ०.२ मिमी हलतो, तर तिशीच्या पुढे एका डिग्रीला अर्धा मिमी. टीडीसीजवळ मिमीत मोजणं का फसतं ते यात दिसतं.

हे माप पिस्टनच्या सरळ रेषेतलं आहे. तिरक्या भोकातून स्पोकने वाचलेलं माप त्याच्याशी थेट जुळत नाही. चकती बसवली असेल तर मिमीचा विचारच सोडून द्या.

मग फुल ॲडव्हान्स किती ठेवायचा?

इंजिनात काय केलं आहे त्यावर आहे. आम्ही जिथून सुरुवात करतो ते आकडे सांगतो. ते शेवटचे नव्हेत, चाचणी करून पुढे जायचं आहे.

पिस्टन स्टॉक, कॉम्प्रेशन ६.५:१ च्या आसपास, फक्त एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदललेला : ३२ डिग्री. कॉम्प्रेशन ८ ते ८.५ : २८ डिग्री. त्याच कॉम्प्रेशनला हेडमध्ये दुसरा प्लग टाकलेला : २४ डिग्री. यांतून एका वेळी २ डिग्रीने वाढवत जायचं. गाडीची ओढ वाढते आहे तोपर्यंत वाढवा, ओढ वाढायची थांबली की शेवटचे २ डिग्री परत घ्या. नॉकिंग ऐकू येईपर्यंत वाढवून मग थोडं कमी करायचं, ही जुनी रीत कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनावर खपून जायची. हाय कॉम्प्रेशनवर नॉकिंग सायलेन्सरच्या आवाजात दबतं, आणि ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या माथ्याचं नुकसान सुरू झालेलं असतं.

कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाबलं जातं आणि भरभर जळतं, म्हणून स्पार्क उशिरा चालतो. दुसऱ्या प्लगने आग दोन बाजूंनी लागते, जळायला वेळ कमी लागतो, म्हणून तिथे आणखी उशिरा. बोअर मोठा केला तर ज्वाळेला लांब जावं लागतं आणि ॲडव्हान्स थोडा जास्त लागू शकतो. पण रिबोअर करून १ मिमी ओव्हरसाइझ पिस्टन टाकला, तर ३४६ ची गाडी ३५६ सीसीची होते. तेवढ्यासाठी टायमिंग बदलायचं कारण नाही.

माझं कॉम्प्रेशन नेमकं किती आहे हे कसं कळणार?

पिस्टनच्या डबीवरचा आकडा बाजूला ठेवा. तो तुमच्या हेडवर, तुमच्या गास्केटवर मोजलेला नसतो. स्टॉक बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. ६.५:१ साठी टीडीसीला वर उरलेली जागा ६३ सीसीच्या आसपास लागते, ८:१ साठी ४९.५. म्हणजे साडेतेरा सीसी कमी. पूर्ण बोअरच्या रुंदीचा १ मिमीचा थर म्हणजे ३.८५ सीसी, यावरून बेस गास्केट काढल्याने किंवा हेड घासल्याने किती फरक पडला याचा अंदाज येतो.

मोजायला पिस्टन कॉम्प्रेशन टीडीसीला आणा, गाडी अशी कलती करा की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल, आणि ५० मिलिलिटरच्या सिरिंजने पातळ तेल भोकाच्या पहिल्या आट्यापर्यंत भरा. हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा कमी येतो आणि कॉम्प्रेशन आहे त्यापेक्षा जास्त वाटतं. नंतर तेल काढून घ्या, आणि प्लग न लावता, डीकॉम्प्रेसर दाबून आठ-दहा किका मारा. तेल आत ठेवून प्लग लावला आणि किक मारली तर रॉड वाकू शकतो.

टायमिंग लावण्याची क्रमवार रीत काय?

टीडीसी चकतीवर पक्का झाला आहे, गॅप ०.४० ला आहे, असं धरून :

१. ॲडव्हान्स युनिटची फेक मोजा. कॅम हाताने पूर्ण फिरवून थांबतो तिथवर न्या. डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमवर १२ डिग्री म्हणजे क्रँकवर २४. कॅमवर अचूक वाचायला जमत नसेल तर सरळ मार्ग असा : मिटलेल्या स्थितीत पॉइंट उघडतात तो चकतीवरचा आकडा घ्या, मग कॅम पूर्ण फेकलेल्या स्थितीत पाचर देऊन धरा आणि पुन्हा आकडा घ्या. फरक म्हणजे क्रँकवरची फेक.

२. चकतीवर हवा तो फुल ॲडव्हान्स आणा, समजा २८ डिग्री. चाक उलटं फिरवून थेट २८ वर थांबू नका. आधी ५० पर्यंत मागे जा आणि मग पुढे फिरवत २८ वर या. डिस्ट्रिब्युटरपर्यंत गिअरांची रांग आहे, प्रत्येक दात्यात थोडी ढील असते, आणि उलट दिशेने आलात तर ती सगळी ढील टायमिंगमध्ये शिरते.

३. कॅमला पाचर देऊन पूर्ण फेकलेल्या स्थितीत ठेवा. पाचर म्हणजे आगपेटीची काडी पुरते.

४. डिस्ट्रिब्युटरचे दोन नट ढिले करा. बॉडी आधी रिटार्डकडे फिरवा आणि मग हळू ॲडव्हान्सकडे आणा. पॉइंट उघडायला लागले त्या क्षणी थांबा आणि नट कसा.

५. पाचर काढायला विसरू नका. हसू येईल, पण विसरतात, आणि मग पहिल्याच किकला गाडी पाय फेकून देते.

६. पुन्हा ५० वरून पुढे येत तपासा. नट कसताना बॉडी थोडी सरकतेच.

मिटलेल्या स्थितीत टायमिंग कुठे पडलं तेही बघून ठेवा. फेक २४ आणि फुल ॲडव्हान्स २८ असेल तर किकच्या वेळी ४ डिग्री, म्हणजे सव्वा दशांश मिलिमीटरच्या आसपास. ‘०.८ नाही’ म्हणून घाबरू नका. हाय कॉम्प्रेशन इंजिन ४ डिग्रीवर जास्त सुखाने चालू होतं.

पॉइंट नेमके कधी उघडले, ते कसं कळतं?

बुलेटवर त्यासाठी यंत्र बसवूनच दिलेलं आहे : ॲमीटर. चावी चालू करा, दिवे बंद ठेवा. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट जातो आणि काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मधोमध येतो. किक मारण्याआधी बुलेटवाले काटा मध्यावर आणतात तो हाच खेळ.

काटा जुना आणि मंद असेल तर १२ व्होल्टचा छोटा बल्ब घ्या. एक टोक कॉइलपासून पॉइंटला येणाऱ्या वायरला, दुसरं इंजिनच्या बॉडीला. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढायचा आणि सुटेल तिथे थांबायचं, ही जुन्या मिस्त्रींची रीतही चांगली आहे. फक्त नंतर पॉइंट कोऱ्या कागदाने पुसून घ्या, कागदाचा कण राहिला तर स्पार्क येत नाही. चावी चालू ठेवून पॉइंट मिटलेले सोडून चहाला जाऊ नका, कॉइल तापते.

स्ट्रोब लाइट हवाच का?

पॉइंटवर असाल तर हवा, इलेक्ट्रॉनिकवर असाल तर त्याशिवाय काम करूच नका. स्थिर मोजणी कितीही चोख केली तरी चालत्या इंजिनात वजनं किती उघडतात आणि कुठल्या आरपीएमला उघडतात हे फक्त स्ट्रोब, म्हणजे प्रत्येक स्पार्कसरशी चमकणारा दिवा, दाखवतो.

रोटरच्या कडेवर टीडीसीची आणि फुल ॲडव्हान्सची अशा दोन पांढऱ्या खुणा करा, समोर एक स्थिर काटा. अंतर काढायला रोटरचा व्यास मोजा. व्यास ७५ मिमी असेल तर परीघ २३५.६ मिमी, म्हणजे १० डिग्रीला साडेसहा मिमी. स्ट्रोबला करंट दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून द्या. प्रायमरी कव्हर काढून इंजिन चालवायचं तर चेन आणि क्लच उघडे फिरत असतात. बाही, ओढणी, जानवं, हातातला गंडा, सगळं दूर. दोन-तीन मिनिटांत आटपा. एखादं फुटकं जुनं कव्हर मिळालं तर त्याला खिडकी कापून ठेवा, जन्मभर कामाला येतं.

स्लोवर खूण बघा, मग सावकाश थ्रॉटल वाढवा. खूण सरकत जाऊन ३,००० ते ३,५०० आरपीएमच्या आसपास थांबली पाहिजे. थांबलेली जागा म्हणजे फुल ॲडव्हान्स. खूण स्लोवरच नाचत असेल तर स्प्रिंगा गेल्या आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजला आहे. एक-दोन डिग्रीची थरथर गिअरांच्या ढिलाईची, ती राहणारच.

डिग्री फिरवता येणारा स्ट्रोब असेल तर एक सापळा आहे. असे स्ट्रोब दोन फेऱ्यांत एक स्पार्क धरून चालतात. पॉइंटच्या बुलेटवर ते बरोबर. क्रँकवर सेन्सर असलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन प्रत्येक फेरीला स्पार्क देतं, तिथे आरपीएम दुप्पट दिसतो आणि डिग्रीचं वाचनही दुप्पट येतं. अशा वेळी डायल शून्यावर ठेवा आणि रोटरवरच्या खुणांवर विश्वास ठेवा.

डिस्ट्रिब्युटर खाचेच्या टोकापर्यंत फिरवला, तरी टायमिंग येत नाही.

इंजिन उघडून बसवताना डिस्ट्रिब्युटरचा गिअर चुकीच्या जागी बसला आहे. टायमिंग कव्हर काढून गिअर पुलरने ओढा. हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, शाफ्ट वाकते. इंजिन फुल ॲडव्हान्सच्या जागी आणा, डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मध्यावर आणा, कॅम फेकलेला, पॉइंट नुकते उघडत आहेत अशा स्थितीत गिअर पुन्हा बसवा.

गाडी अजिबात चालू होत नाही आणि किक मारली की सायलेन्सरमधून किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो, तर टायमिंग पूर्ण एक फेरी चुकलं आहे. कॉम्प्रेशन टीडीसीऐवजी दुसरा, म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटचा, टीडीसी धरला गेला.

किक उलटी मारते. टायमिंगच ना?

बहुधा हो. किकच्या वेळचं टायमिंग जास्त ॲडव्हान्स आहे. पण डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी वजनं मिटतात का ते बघा. ती अर्धवट उघडी अडकली असतील तर किकच्या वेळीच २० डिग्री ॲडव्हान्स मिळतो आणि घोट्याची वाट लागते. अशा गाडीवर नुसतं टायमिंग रिटार्ड केलं, तर किक सुधारते, पण वर फुल ॲडव्हान्स कमी पडतो, गाडी तापते आणि ऐंशीच्या पुढे सरकत नाही.

दुसरं कारण चालवणाऱ्याचं. किक अर्धवट मारली, पिस्टन टीडीसी ओलांडू शकला नाही, तर चांगलं टायमिंगही उलटं मारेल. काटा मध्यावर, डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन थोडा पुढे, मग पूर्ण किक.

नॉकिंग आहे की टॅपेटचा आवाज?

टॅपेट स्लोवरही टिकटिकतो आणि आरपीएमच्या तालावर चालतो. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनवर खडखड, तापल्यावर कमी. नॉकिंग उलट : इंजिन तापल्यावर, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला थ्रॉटल उघडला की खळखळ, जणू डब्यात खिळे टाकून हलवले. थ्रॉटल मिटला की लगेच बंद. चाचणीला कसारा किंवा खंबाटकीसारखा चढ घ्या, मागे एक माणूस बसवा, तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल. नुसतं सपाट रस्त्यावर पळवून काही समजत नाही.

घरी आल्यावर प्लग बघा. पोर्सेलिन पांढरं आणि त्यावर बारीक चमचमते करडे ठिपके असतील, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तशीच पुढे चालवू नका. ४ डिग्री रिटार्ड करा, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) तपासा, मगच रस्त्यावर.

बेंड पाइप (इंजिनमधून सायलेन्सरकडे जाणारा पाइप) निळा पडतो, गाडी तापते. टायमिंग जास्त आहे का?

उलट, कमी असण्याची शक्यता जास्त. स्पार्क उशिरा पडला की मिश्रण उशिरा जळतं, आणि जळतंच एक्झॉस्टमध्ये जातं. पाइप निळा होतो, हेड तापतं, ओढ मरते. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलं तरी हेच होतं, म्हणून दोन्ही तपासा. ॲडव्हान्स युनिट गंजून अडकलेल्या गाड्यांचं हे ठरलेलं लक्षण : स्लोवर छान, वर गेलं की दमछाक.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक टाकावं का?

रोज वापराची गाडी असेल तर टाका. पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, गॅप कमी होतो आणि टायमिंग गुपचूप रिटार्ड होत राहतं. इलेक्ट्रॉनिकमध्ये ते थांबतं. पण दोन प्रकार वेगळे ओळखा. फक्त पॉइंटची जागा घेणारा सेन्सर तुमचं जुनंच ॲडव्हान्स युनिट वापरतो. ते खराब असेल तर नवं इग्निशनही खराबच वागणार. दुसरा प्रकार ॲडव्हान्स स्वतः ठरवतो. तिथे जुनी वजनं काढायची किंवा लॉक करायची असतात. ती तशीच ठेवली तर दोन ॲडव्हान्सची बेरीज होते आणि पिस्टनला भोक पडतं.

बॅटरी चांगली हवी. काही डब्या बॅटरी १० व्होल्टच्या खाली आली की वेड्यावाकड्या वेळी स्पार्क देतात. प्लगची कॅप ५ किलोओहम रेझिस्टन्सची घाला, नाहीतर स्पार्कचा गोंगाट सेन्सरला गोंधळात टाकतो आणि गाडी मिसिंग करते.

कॉइल ‘पॉवरवाली’ घेतली, आता पॉइंट जळतात.

कॉइलच्या प्रायमरीचा ओहम मोजा. १२ व्होल्टला ३ ओहमची कॉइल ४ अँपियर ओढते, तेवढं पॉइंट सोसतात. १ ओहमच्या कॉइलला १२ अँपियर, त्यात पॉइंट निळे पडून चिकटतात. तसली कॉइल फक्त तिला साजेशा इलेक्ट्रॉनिक डबीसोबत. पॉइंटमध्ये ठळक ठिणगी दिसते आणि गाडी गरम झाली की अडखळते, तर आधी कंडेन्सर बदला.

ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे टायमिंग बदलायचं का?

नुसतं त्यासाठी नाही. इथेनॉल नॉकिंगला उलट आवरतं. अडचण मिश्रणाची आहे. साध्या पेट्रोलला हवेशी १४.७ ला १ प्रमाण लागतं, ई२० ला साडेतेराच्या आसपास. जेट तेच ठेवलं तर इंजिन लीन चालतं, तापतं, आणि लोक त्याला टायमिंग समजतात. मेन जेट एक-दोन नंबर वाढवा, प्लगचा रंग विटकरी-तपकिरी येईपर्यंत. टायमिंगची चाचणी त्यानंतर, आणि ज्या पेट्रोलवर गाडी रोज चालणार त्याच पेट्रोलवर. १०० ऑक्टेनवर लावलेलं टायमिंग गावाकडच्या पंपावर महाग पडतं.

लेहला जायचं आहे. टायमिंग बदलून नेऊ का?

नको. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हवा विरळ, सिलिंडर कमी भरतो, त्यामुळे नॉकिंगची भीती घटते. तिथे गाडी ओढत नाही ती मुख्यतः मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होतं म्हणून, त्याला लहान जेट सोबत न्या. तिथल्यासाठी ॲडव्हान्स वाढवलात तर परतताना मनालीच्या खाली, भरल्या गाडीवर, तेच टायमिंग नडतं.

हीच रीत यामाहा आरएक्स १०० ला लावू का?

टीडीसी शोधायची लावा, बाकीचं नाही. आरएक्स टू-स्ट्रोक आहे, बोअर-स्ट्रोक ५० × ५०, प्रत्येक फेरीला स्पार्क, आणि टायमिंग मॅग्नेटोच्या स्टेटर प्लेटवर. तिथे वजनं आणि स्प्रिंगा नाहीत. पोर्टिंग (सिलिंडरची भोकं कापून मोठी केलेली) आणि एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर एक्झॉस्ट पाइप) केलेल्या इंजिनला जास्त ॲडव्हान्स दिला तर खालची ओढ वाढल्यासारखी वाटते, पण वरचा दम जातो आणि पिस्टनचा माथा वितळतो. वरच्या आरपीएमला थोडं उशिरा टायमिंग पाइपमधली उष्णता वाढवतं आणि चेंबर नीट काम करतो.

आरटीओचं काय?

टायमिंग फिरवणं ही देखभाल आहे. सीसी वाढवणं मात्र देखभालीत येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. ५०० चा सेट टाकायचा तर आधी आरटीओत विचारा.

टायमिंग परत कधी तपासायचं?

नवे पॉइंट टाकल्यावर टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये झपाट्याने झिजते, म्हणून ५०० किलोमीटरला गॅप आणि टायमिंग दोन्ही. नंतर दर ३,००० ला. कॅमवर ग्रीसचा फक्त पुसट हात द्या, थेंब नको. जास्तीचं ग्रीस उडून पॉइंटवर बसतं. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि केसवर मिळून एकच खूण कोरून ठेवा. रस्त्यात नट ढिला होऊन बॉडी फिरली, तरी खूण जुळवून घरी येता येतं.